बाजाराचा मोकळा वार

जानेफळला माझ्या चुलतभावाचं लग्न आटोपून आम्ही अमडापूरला परतलो, त्या दिवशी माझ्या सासूबाईंना दमणीतून उतरता आलं नाही. बैलांनी ओढायची ती हलकी गाडी. तिची उंची ती किती! मी उतरले, ट्रंक उतरली, आणि त्या मात्र काठाला धरून बसूनच राहिल्या. एक पाय खाली सोडायच्या आणि गुडघ्यात कळ आली की परत वर घ्यायच्या. शेवटी माझ्या नवऱ्याने एका बाजूने आणि गड्याने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना खाली घेतलं. समोरच्या ओट्यावर चार बायका बसल्या होत्या. हसलं कुणीच नाही. तरी सासूबाईंनी तोंडावर पदर ओढला आणि भिंतीला धरत धरत घरात गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि ही गोष्ट आमच्या घरात फारच नवीन होती.

माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घरात आम्ही तिघंच: सासूबाई, हे आणि मी. माझी आई मी लहान असतानाच वारली होती. त्यामुळे घरात मोठी बाई असणं म्हणजे काय, हे मला सासरीच कळलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या अंगाने चांगल्याच भारी होत्या, आणि जेवणाच्या शौकीन. पुरणपोळीवर तूप घालताना त्या वाटी उपडी करायच्या, धार धरायच्या नाहीत. मला वाढतानाही तसंच. माहेरी मी एवढं तूप कधी पाहिलं नव्हतं.

लग्नाहून आल्यावर दोन-चार दिवसांनी ह्यांनी दमणी जुंपली आणि आईला चिखलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि सरकारी डॉक्टर कुठून कुठून बदलून येत. हा जबलपूरकडचा होता. मराठी त्याला समजायची, पण बोलायचा हिंदीच. त्याने गुडघे दाबून पाहिले, छातीला नळी लावली आणि म्हणाला, "माजी, घुटनों का कोई कसूर नहीं. बोझ बहुत है. परहेज करना पड़ेगा."

मग त्याने यादी सांगितली. तूप नाही, गूळ नाही, साखर नाही, भात नाही, तळलेलं नाही, दुधावरची साय नाही. सकाळी एक भाकर, संध्याकाळी एक भाकर, पालेभाजी, वरण, ताक. आणि रोज चालायचं, दुखलं तरी थोडं थोडं चालायचं. आत्याबाई सगळं ऐकून घेत होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मंग राह्यलं काय व खायाले?"

घरी आल्यावर हे मला आत बोलावून म्हणाले, "आजपासून कोठीची किल्ली तुह्यापाशी. आई किती म्हणो, द्यायचं नाई. रडली तरी नाई." ती किल्ली आत्याबाईंच्या कमरेला इतकी वर्षं होती की तिथल्या लुगड्याला तिचा डाग पडला होता. त्यांनी ती स्वतःच सोडली आणि माझ्या हातात दिली. ज्या बाईने मला पोट भरून जेवणं म्हणजे काय ते दाखवलं, तिलाच आता मी नाही म्हणायचं होतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एका मुसलमान भुसार व्यापाऱ्याचं घर होतं. त्यांच्या बायकोला मी चाची म्हणायची. चाची आणि आत्याबाई एकाच वयाच्या, दोघी एकाच सुमारास गावात नवऱ्या होऊन आलेल्या. चाचींच्या मागच्या अंगणात धान्य तोलायचा मोठा काटा टांगलेला असे. एका दुपारी घरातले पुरुष बाजाराला गेलेले पाहून चाचींनी आम्हाला हाक मारली. आत्याबाईंना एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात जवारीचं पोतं ठेवलं, आणि पोत्यावर मापं ठेवत गेल्या. किती ठेवली ते मी सांगणार नाही. आत्याबाईंनी मला तेव्हाच शपथ घातली होती. पारडी एका पातळीत आली तशा आत्याबाई आधी पोत्याकडे आणि मग स्वतःकडे पाहू लागल्या. चाचींना हसू आवरेना. मग आत्याबाईही हसल्या. मला वाटलं, चला, आता जमेल.

पण ते काही जमलं नाही. पहिले काही दिवस त्या मुकाट्याने एकेक भाकर खात राहिल्या. मग त्यांना उपास आठवायला लागले. चतुर्थी तर त्या आधीपासून धरायच्याच. आता त्यात एकादशी आली, गुरुवार आला, शनिवार आला. डॉक्टरने उपासाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. आणि उपासाचं म्हणजे भगर, दाण्याची आमटी, तुपात परतलेलं रताळं, गुळाचा खडा. देवाच्या नावावर मागितलेलं मी कसं नाकारणार? एका गुरुवारी ह्यांनी ताटात पाहिलं आणि म्हणाले, "आई, हा उपास व्हय का लग्न व्हय?" त्या दिवसापासून उपासाचा फराळही बंद झाला. आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

नंतर जे झालं ते मला जास्त लागलं. गावात बातमी फिरली की अमक्याच्या घरची नवी सून सासूला जेवू घालत नाही. कोठीला कुलूप लावते. आत्याबाई कुणाकडे बसायला गेल्या की बायका त्यांच्या हातात वाटी ठेवायच्या. एकीकडे शिरा, दुसरीकडे शेवया, तिसरीकडे भजी. त्या नको म्हणायच्या नाहीत. माझ्याविरुद्ध त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या हे मला पुढे कळलं, पण न बोलता खात राहिल्या, आणि बघणाऱ्यांना तेवढं पुरे होतं. विहिरीवर पाणी भरायला गेले की बोलणं थांबायचं. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "माय नसलेल्या पोरीले माय काय कळते?" मी घागर तशीच अर्धी भरून घरी आले आणि चुलीपुढे बसून रडले.

आत्याबाईंनी ते पाहिलं. "काऊन रडून राह्यली व?"

मी आधी सांगेना. मग सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माह्या जिभेपायी तुले बोलणं बसते काय?" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणं सोडलं. घरातलीही भाकर अर्धी केली, मग ताकावरच राहू लागल्या. मी हातापाया पडले, ह्यांनी समजावलं, त्या म्हणायच्या, "नाई, आता मी करूनच दाखवतो." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, करतो, जातो. आणि एका सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालता घालता त्या खाली बसल्या त्या आडव्याच झाल्या. डोळे पांढरे झालेले मी पाहिले. माझ्या ओरडण्याने चाची भिंतीवरून डोकावल्या आणि मागल्या दाराने धावत आल्या. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, आणि आत्याबाईंनी डोळे उघडले तसं गुळाचं पाणी करून चमच्याने पाजलं. त्या गुळासाठी कोठीचं कुलूप काढताना घाईत मला किल्लीच लागेना.

हे शेतातून धावत आले तोवर त्या उठून भिंतीला टेकून बसल्या होत्या. हे आधी घाबरलेले, मग चिडलेले. "इतकं उपाशी राह्यले कोणं सांगतलं होतं?"

तेव्हा चाची बोलल्या. त्या ह्यांच्यासमोर पदर पुढे घेऊन बसायच्या, पण ह्यांना त्यांनी लहानपणी कडेवर खेळवलेलं होतं. "बेटा, एक बात सांगू काय? रमजानमंदी आम्ही रोजे ठेवतो. दिवसभर पाणीबी नाई. पण सूर्य बुडाला का खजूर तोंडात जाईन, हे मनाले ठाऊक राह्यते. म्हणून दिवस निघते. तुह्या मायले तू कधी सुटका ठेवलीच नाई. जलमभर असंच म्हणतो तू. कोन करीन?"

"मंग काय करू?"

"हप्त्यात एक वार मोकळा दे. त्या दिवशी मन होईन ते खाईन. घरात, उजागर, सुनेच्या हातचं. बाकी दिवस परहेज."

ह्यांना ते पटलं नाही. "चाची, एक वार सोडला का सारेच वार सुटतात. मानेवरचं जू एकदा काढलं त बैल दुसऱ्या दिवशी मान देईन काय?"

भिंतीला टेकलेल्या आत्याबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "पोळ्याले काढत नाई काय रे तू जू?"

ह्यांना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, ते लपवायला ते बैल बांधायच्या निमित्ताने बाहेर गेले. परत आले ते एवढंच म्हणत, "बाजाराचा वार. पण बाकी दिवस कबूल केलं तसं."

आमच्या गावचा आठवडी बाजार मोठा. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं यायची. आत्याबाईंचा पहिला मोकळा वार उजाडला तेव्हा त्या पहाटेच उठल्या होत्या. मी पुरण घातलं. त्यांनी पोळ्या खाल्ल्या, तुपात बुडवून. वर भजी. दुपारी ह्यांनी बाजारातून आणलेला शेव-चिवडा, संध्याकाळी शिरा. मी वाढत होते आणि मनात धास्तावत होते. खाताना त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. जणू ताट कुणीतरी ओढून नेणार होतं. आणि झालं तेच. दुसरा सबंध दिवस त्या पोट धरून पडून होत्या. ओकाऱ्या झाल्या. हे दारात उभे राहून म्हणाले, "म्हटलं होतं ना मी?" मला वाटलं, संपलं. आता परत कुलूप, परत विहिरीवरची कुजबुज.

पण बरं वाटल्यावर आत्याबाईंनीच मला जवळ बसवलं. "पोरी, मी खाल्लं ना, त त्यातलं कायीच मले लागलं नाई. पोळीबी नाई, शिराबी नाई. मी नुसती भीत होतो का उद्या भेटत नाई." मग म्हणाल्या, "पुढच्या बाजाराले एकच चीज करजो. कोंती ते मी सांगीन."

तिथून आमच्या घरातली हवा पालटली. एकच चीज, पण मनासारखी. मग आठवडाभर त्या विचारात असायच्या की या खेपेला काय. भाकर-भाजी खाताना म्हणायच्या, "सांजोऱ्या करू का व?" दुसऱ्या दिवशी बेत बदलायचा. "नाई, रोडगे. वांग्याची भाजी अन् रोडगे. वरून तूप." कधी चाचींकडून शीरखुर्मा यायचा, मग त्या वाराला दुसरं काही नाही. मला आश्चर्य वाटायचं, की या बोलण्यानेच त्यांची अर्धी भूक भागत होती. आणि वार आला की त्या सावकाश खायच्या. पाटावर बसता यायचं नाही म्हणून ताट चौरंगावर ठेवून, मला समोर बसवून, मलाही तेच वाढायला लावून. एकदा तर वाटीतल्या बासुंदीतली अर्धी त्यांनी परत पातेल्यात ओतली. "बस झालं," म्हणाल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे.

कोठीचं कुलूप मी त्याच सुमारास काढून टाकलं. ह्यांना विचारलंही नाही. किल्ली आत्याबाईंच्या उशाशी ठेवली तर म्हणाल्या, "मले नको, कमरेले टोचते," आणि ती खुंटीला लटकत राहिली.

बाजाराच्या दिवशी आमच्या दारावरून सगळं गाव जायचं. आत्याबाई मुद्दाम ओट्यावर बसून खायच्या. ज्या म्हातारीने मला विहिरीवर बोल लावला होता, ती थांबून पाहू लागली, तशी आत्याबाईंनी हाक मारली. "ये व, बस. सुनेनं केलं, चाखून पाह्य." म्हातारी बसली. खाऊन झाल्यावर बोटं चाटत म्हणाली, "हात चांगला हाये पोरीचा." एवढ्यावर ती माफी संपली. पण त्या संध्याकाळी मी घागर घेऊन गेले तेव्हा विहिरीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या नाहीत, आणि मला त्यांच्या गप्पांत ओढून घेतलं. घागर भरायला मी किती वेळ लावला ते माझं मलाच कळलं नाही.

चालणंही वाढत गेलं. आधी मागच्या दारापर्यंत, मग चाचींच्या ओट्यापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत. चाची संगतीला असायच्या. दोघी हळूहळू जायच्या, वाटेत प्रत्येक दाराशी थांबायच्या, त्यामुळे चालण्यापेक्षा बोलणंच जास्त व्हायचं. तरी पावसाळा सरून कापूस फुटायला लागला तोवर त्या गावाबाहेरच्या आमच्या वावरापर्यंत जाऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या बाभळीखाली बसून परत यायला लागल्या होत्या. चाचींनी पुन्हा काटा लावला. या खेपेला पोत्यावरची मापं त्यांनी एकेक करून उतरवली आणि उतरवताना प्रत्येक वेळी आत्याबाईंकडे पाहून मान हलवली.

सणांत घसरलो नाही असं नाही. दिवाळीत चार-पाच दिवस सगळेच मोकळे गेले, कारण फराळाचे डबे घरात असताना कुणाला काय सांगणार? हे कुरकुरले. गुडघेही कुरकुरले. पण दिवाळी सरल्यावर आत्याबाई आपण होऊनच भाकर-भाजीवर परत आल्या. मला तेव्हा कळलं की हे आता त्यांचं झालं आहे, आमचं राहिलेलं नाही.

थंडीत पुन्हा चिखलीला जायचं ठरलं. डॉक्टरने मोकळा वार सांगितला नव्हता. तो विचारणार, आणि आत्याबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ह्यांना म्हटलं, "तुम्हीच बोला." हे म्हणाले, "मी काय बोलू? घरातलं तुले ठाऊक." आत गेलो. त्या चालत आत आल्या हे डॉक्टरने पाहिलं होतं. गुडघे दाबले, वाकवून पाहिले, आणि खूश होऊन म्हणाला, "वाह, माजी! परहेज पूरा किया?"

"पुरा नाई," आत्याबाई ताठ बसून म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी मी खातो. पोळी खातो, तूप खातो."

मी खाली पाहत होते. डॉक्टरने विचारलं, "और बाकी दिन?"

"बाकी दिवस भाकर."

"कितने महीने से?"

"पोळ्याच्या आंधीपासून."

तो हसायला लागला. मला म्हणाला, "बहू, मेरी घरवाली को आठ दिन भी नहीं जमा. इनको खाने दो. बस एक ही दिन." आणि काहीतरी तेल लिहून दिलं. बाहेर आलो तेव्हा मला असं हलकं वाटत होतं की मी दमणीत चढताना उडीच मारली. आत्याबाई ओरडल्या, "हळू व, पोटुशी हायेस!" ह्यांना तोवर सांगितलंच नव्हतं. बाजूला बैलांची दोरी सोडत असलेले हे तसेच उभे राहिले. चिखलीच्या भर रस्त्यात, तेही आईच्या ओरडण्यातून, त्यांना ती बातमी कळली.

मला उन्हाळ्यात मुलगी झाली. माहेरी बाळंतपण करायला कुणी नव्हतं, म्हणून ते सासरीच झालं. महिनाभर आधीपासून माझ्या मनात एकच काळजी होती की बाळाला न्हाऊ कोण घालणार. आमच्याकडे बाई जमिनीवर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथं घेते आणि न्हाऊ घालते. गुडघे वाकत नसतील तर खाली बसणंच नाही, आणि बसलं तर उठणं नाही. मी गावातल्या एका बाईला सांगून ठेवलं होतं.

पहिल्या न्हाणाच्या सकाळी ती बाई आली तेव्हा न्हाणीत आत्याबाई आधीच बसलेल्या होत्या. दगडावर, पाय समोर सरळ, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. शेजारी कढत पाण्याचा हंडा, वाटीत तेल. "कायले बोलावलं हिले?" त्या मला दारातून म्हणाल्या. "दे इकडं पोरगी."

मी बाळ त्यांच्या नडग्यांवर ठेवलं. त्यांनी तांब्याने पाणी घेतलं, स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिलं आणि मग पोरीच्या पाठीवर सोडलं. पोर किंचाळली. आत्याबाई तिला बोलत राहिल्या, चोळत राहिल्या, तिच्या नाकाला चिमटीने आकार देत राहिल्या. मी चौकटीला टेकून उभी होते. अंगात ताकद नव्हती, पण तिथून हलावंसंही वाटत नव्हतं. न्हाणीत वाफ दाटली होती आणि तेलाचा वास येत होता.

न्हाऊन झाल्यावर त्यांनी बाळ गुंडाळून त्या बाईच्या हातात दिलं. मग एक हात दगडावर टेकला, दुसरा माझ्याकडे केला. मी दोन्ही हातांनी धरायला पुढे झाले. पण त्यांनी माझं फक्त एक बोट धरलं आणि उठल्या.